उंदरांच्या पोटातला उजेड

आमच्या गल्लीत मला ‘उंदीरवाले सर’ म्हणतात. हे नाव मीच ओढवून घेतलं. नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी, काय काम करता, असं विचारलं आणि मी अगत्यानं सांगितलं की प्रयोगशाळेत उंदरांवर काम करतो. दुसऱ्या दिवशी काकू दारात.

“सर, आमच्या माळ्यावर लई झाल्यात. तुमच्यातलं औषध द्या की थोडं.”

“आम्ही त्यांना मारत नाही हो काकू. जिवंत उंदराच्या आत काय चाललंय ते बघतो.”

“बघून काय करायचंय? मारा की.”

काकूंना ते काही पटलं नाही. पण जिवंतपणी बघायचं कशासाठी, हे माझ्या थोरल्या भावाला मात्र पटलं, आणि तेही मी न समजावता. तो शिरोळकडे ऊस करतो. मी त्याला सांगत होतो, की कर्करोगाच्या गाठीला मारणाऱ्या पेशी आपल्याच रक्तात असतात. हल्ली अशी औषधं आली आहेत की ती या मारेकरी पेशींचा लगाम सैल करतात आणि गाठीवर सोडतात. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. का येत नाही, ते कळायला गाठीचा एक तुकडा काढून बघतात, पण एका तुकड्यावरून सगळ्या गाठीचं कळत नाही.

“म्हंजे टोळी फडात शिरली का बांधावर बसून च्या पितीया, त्येच कळंना तुमास्नी,” दादा म्हणाला. “कडंचा एक ऊस उपटून बघिटला तर कसं कळायचं? वर चढून सगळा फड बघाय पायजे.”

ऊसतोड टोळीची वाट बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे एका वाक्यात समजलं. मला पीएच.डी. करावी लागली.

तर, वर चढून सगळा फड बघण्याचं काम आमच्या प्रयोगशाळेत माझी एक विद्यार्थिनी करत होती. मूळची चंदगडची. तिकडच्या पावसात वाढल्यामुळे असेल, पण कशानंही भिजत नाही अशी मुलगी. तिनं हातात घेतलेली वस्तू होती अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड. शरीरात नेमक्या एकाच गोष्टीला जाऊन चिकटायचं, हा तिचा गुण. मारेकरी पेशींच्या अंगावर एक खूण असते. त्या खुणेला चिकटणारी अँटीबॉडी घ्यायची, तिला चमकणारा रंग जोडायचा, उंदराला टोचायची आणि बाहेरून कॅमेऱ्यानं बघायचं. जिथं उजेड, तिथं पेशी. सांगायला इतकं सोपं आहे.

अडचण अशी, की अख्खी अँटीबॉडी म्हणजे आमच्याकडचा पावणा. आला की चार दिवस हलत नाही. रक्तात फिरत राहते, त्यामुळे सगळा उंदीरच उजळतो आणि पेशी कुठं आहेत ते समजत नाही. शिवाय तिच्या शेपटाला लोकांत भांडणं लावायची खोड. जिथं चिकटेल तिथल्या पेशींवर इतरांना सोडते. आपल्याला तर नुसतं बघून यायचंय. म्हणून माझ्या विद्यार्थिनीनं अँटीबॉडीचं शेपूट छाटून टाकलं, फक्त पकडणारी दोन टोकं ठेवली आणि ती एकमेकांना जोडली. असा तुकडा निसर्गात नसतो, तो घडवावा लागतो. पेशींकडून तो करून घ्यायचा, गाळून वेगळा करायचा, आणि मग बहुतेक वेळा त्याचं दही होतं. गुठळ्या. तिचं कितीतरी काळ दहीच होत होतं. मी रोज सकाळी विचारायचो, “काय, विरजण लागलं?” आणि ती म्हणायची, “लागलं सर. उद्या परत.” शेवटी एके दिवशी द्रव नितळ राहिला. पात्रातल्या पेशींवर बरोबर चिकटायलाही लागला. मी टाळ्या वाजवल्या. तिनं बाटलीवर चिठ्ठी लावली आणि पुढचं काम घेतलं.

पण पीएच.डी.ची समिती पात्रातल्या पेशींवर थांबायला तयार नव्हती. समितीच्या अध्यक्षा पुण्याहून यायच्या. त्यांनी मागच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं: जिवंत प्राण्यात, गाठीतल्या मारेकरी पेशी या तुकड्यानं दिसतात हे पुढच्या बैठकीत दाखवा. नाही दाखवता आलं तर विषय बदला. विषय बदलणं म्हणजे नवीन दह्यापासून सुरुवात. ती वही मिटून उठली. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाली, “सर, मी विषय बदलणार नाही. तुम्ही फक्त उंदरांचं बघा.”

आणि मी उंदरांचं बघितलं. तिथंच सगळा घोटाळा झाला.

त्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि उंदरांच्या खाद्याची गाडी पलीकडं अडकली. प्राणीगृह सांभाळणारे आमचे पशुवैद्य डॉक्टर चिंतेत पडले. चांगला, मोकळा माणूस, पण उंदरांच्या बाबतीत सासूसारखा कडक. ते म्हणाले, “सर, साठा संपत आलाय. पर्याय बघायला पायजे.”

आता मी म्हशींच्या गोठ्यात वाढलेला माणूस. जनावराच्या खाद्याचा प्रश्न आला की माझी छाती फुगते. मी म्हणालो, “डॉक्टर, तुम्ही काळजी सोडा. जयसिंगपुरात, पाण्याच्या अलीकडं, माझ्या ओळखीचा व्यापारी आहे, पशुखाद्य तयार करतो. तुम्ही घटक लिहून द्या, तो गोळ्या पाडून देईल.” डॉक्टरांनी प्रथिनं किती, स्निग्ध किती ते सांगितलं. व्यापाऱ्याला मी फोन लावला. तो म्हणाला, “सर, प्रथिनासाठी काय घालू? सोयाबीन का लसूणघास?”

लसूणघास हा शब्द ऐकला आणि मला आमचा गोठा दिसला. लसूणघासाची हिरवीगार पेंढी टाकली की म्हैस कशी डोळे मिटून खायची आणि दुधाला कशी साय यायची. या प्रयोगासाठी बाहेरगावाहून नुकत्याच आलेल्या, प्रवासानं सुकलेल्या पांढऱ्या उंदरांची मला दया आली. मी म्हणालो, “लसूणघासाची पावडरच घाला. हात आखडू नका. आमची पाहुणे मंडळी आहेत.”

त्यानंही हात आखडला नाही. गोळ्या आल्या त्या शेवाळासारख्या हिरव्या. डॉक्टरांनी तपासल्या, वाफेवर निर्जंतुक करून घेतल्या आणि मान्य केल्या. उंदीर तुटून पडले. त्यांच्या अंगावर तुकतुकी आली. मी रोज जाऊन कौतुकानं बघायचो. आमच्याकडं आलेला पावणा बारीक होऊन गेला, असं आजवर झालेलं नाही.

उंदरांच्या कुशीत रुजवलेल्या कर्करोगाच्या गाठी वाढल्या, निम्म्या उंदरांना लगाम सैल करणारं औषध दिलं गेलं, आणि टोचण्याचा दिवस आला. तुकडा लहान असल्यामुळे तो रक्तातून लवकर निघून जातो, त्याच दिवशी बघता येतं. आमचं यंत्र म्हणजे एक काळी पेटी. आत कॅमेरा. उंदराला भूल द्यायची, झोपवून पेटी बंद करायची आणि बाहेर पडद्यावर बघायचं.

पडद्यावर चित्र आलं आणि मी खुर्चीतून उठलो. अख्खं पोट पेटलं होतं. असा उजेड मी या यंत्रात कधी बघितला नव्हता.

“झालं,” मी म्हणालो. “दिसल्या.”

“सर, गाठ इथं कुशीत आहे,” ती म्हणाली. “हे पोट आहे.”

“आतड्यात प्रतिकारपेशींची केवढी वस्ती असते. त्या दिसणारच की. उलट हे गाठीपेक्षा मोठं आहे.”

“एवढ्या?”

“तुमचा तुकडाच तसा झालाय.” कौतुक केलं की माणूस गप्प बसतो, असा माझा अनुभव. ती गप्प बसली, पण खूश दिसेना. मला मात्र धीर कुठला? मी विभागात भडंग मागवलं, चहा सांगितला, विभागप्रमुखांना पडद्यासमोर उभं केलं आणि आतडं व प्रतिकारशक्ती या विषयावर एक छोटंसं भाषण ठोकलं. प्रमुख म्हणाले, “वा.” डॉक्टरही भडंग खात म्हणाले, “सर, खाद्य मानवलं म्हणायचं.” त्यांच्या तोंडून सत्यच बाहेर पडलं होतं, पण ते त्यांनाही कळलं नाही आणि मला तर नाहीच.

चहा संपून मी परत आलो तर ती एक नवीन उंदीर भूल देऊन पेटीत ठेवत होती.

“हा कुठला?”

“ज्याला काहीच टोचलेलं नाही तो.”

“त्यात काय बघायचं? अंधार दिसेल.”

“अंधार दिसला की मी भडंग खाते,” ती म्हणाली.

पेटी बंद झाली. पडद्यावर चित्र आलं. पोट पेटलेलं. तसंच्या तसं. ना तुकडा, ना रंग, ना औषध, आणि उंदीर मात्र गणपतीच्या देखाव्यासारखा उजळलेला.

 “यंत्र बिघडलं असेल,” मी म्हणालो. ती उठून प्राणीगृहात गेली आणि मूठ बंद करून परत आली. मूठ उघडून तिनं पेटीत काहीतरी ठेवलं. हिरवी गोळी होती ती. पडद्यावर ती गोळी निखाऱ्यासारखी दिसली.

“सर, ह्यात काय घातलंय?”

“लसूणघास,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा.

मी दर वर्षी एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात एक प्रयोग करून दाखवतो. हिरवी पानं स्पिरिटमध्ये वाटतो, अर्क बाटलीत भरतो, खोलीत अंधार करतो आणि त्यावर जांभळा दिवा धरतो. हिरवा अर्क लालभडक चमकतो. मुलं ‘ओऽऽ’ करतात. पानातलं हरितद्रव्य एक उजेड घेतं आणि दुसरा देतं, हे मी त्यावर बऱ्याच रसाळपणे सांगतो. हे हरितद्रव्य चमकतं ते, आमच्या तुकड्याला जोडलेला रंग ज्या लाल उजेडात दिसतो, जवळपास त्याच लाल उजेडात. ती त्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिनं मला त्या प्रयोगाची आठवण करून दिली नाही. नुसतं एकदा माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा आठवण करून दिली असती तर बरं झालं असतं.

समितीची बैठक जवळ आली होती. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो माझ्या स्वभावाला शोभेल असाच. चित्रात पोटावर काळी चौकट टाकता येते. कुशीतली गाठ तेवढी उघडी ठेवायची. गाठीतही उजेड दिसत होताच.

“चौकट टाकू,” मी म्हणालो. “नियमात बसतं. खाली टीप देऊ, की पोटात अन्नाचा उजेड आहे.”

“आणि गाठीतला उजेड कुणाचा?”

“तुमच्या तुकड्याचा.”

“कशावरून? पोटातला उजेड मांसातून पसरत कुशीपर्यंत येतोय. किती माझा आणि किती घासाचा, हे तुम्ही सांगू शकता का सर?”

“नाही.”

“मीही नाही. मग पुण्याच्या बाईंना काय सांगू?” तिनं पडदा बंद केला. “परत करू. पहिल्यापासून. आतड्यातलं सगळं निघून जाईपर्यंत उरलेल्या उंदरांना पांढरं खाद्य द्यायचं, मग गाठी, मग औषध. गाठीत पेशी शिरायचे दिवस मोजकेच असतात, ते चुकवून चालणार नाही. बैठकीआधी जेमतेम बसतंय. तुम्ही मला पांढरं खाद्य आणून द्या.”

आपला विद्यार्थी आपल्याला कामं सांगायला लागला की तो तयार झाला म्हणतात. मी एस.टी.त बसून जयसिंगपूर गाठलं. फोनवर सांगून मला धीर धरवेना, कारण फोनवर मी काय करतो ते एव्हाना सिद्ध झालं होतं.

व्यापाऱ्याला मी सांगितलं, हिरवं काही नको. दुधातलं प्रथिन, मक्याचं पीठ, साखर, तेल, क्षार. पांढरं शुभ्र पाहिजे. तो दुखावला.

“सर, हिरवं काढल्यावर ऱ्हायलं काय? ही उपासाची भगर झाली की. जनावर जगंल काय ह्याच्यावर?”

“जगेल. आणि यंत्र आधी धुवायला पाहिजे. आत आधीच्या घासाची पूड असेल.”

“धुतलंय की.”

मी पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि जांभळी बॅटरी काढली. यंत्राच्या कोपऱ्यातली चिमूटभर पूड बाटलीत टाकली, हलवली आणि पोत्यांच्या आडोशाला जाऊन त्यावर बॅटरी धरली. लाल. दुसऱ्या कोपऱ्यातली घेतली. तीही लाल. मी तोंड गंभीर करून वर बघितलं तर दारात माणसं जमली होती. शेजारच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं होतं.

“पावणं, भेसळीच्या तपासणीचं हाय काय?” एकानं दबक्या आवाजात विचारलं.

“न्हाय हो. उंदराचं हाय.”

हे ऐकल्यावर शेजारच्यानं शटर पूर्णच ओढलं. आत धान्य होतं त्याचं. व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावला. “सर, आता तुमीच बाहेर जाऊन सांगा त्यास्नी, की माझ्या मालात उंदीर न्हाईत म्हणून.” मी बाहेर जाऊन सांगितलं. त्यानं संशय वाढला. शेवटी मी धोतरवाल्या एका आजोबांना तो लाल उजेड दाखवला, आणि काय आहे ते समजावलं. आजोबा म्हणाले, “व्हय, पर कामगार सणाला गेल्यात त्येचे. धुणार कोण?”

मी धुतलं. शर्टाच्या बाह्या वर करून, त्या यंत्राच्या पोटात डोकं घालून, ब्रशानं घासून, पुसून, परत घासून. प्रत्येक वेळी चिमूट बाटलीत, आणि बाटलीवर बॅटरी. लाल फिकट होत गेला. व्यापारी मला दोनदा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की आता, दिसंना झालंय.” मला अजून दिसत होतं. शेवटी बाटली काळी राहिली तेव्हा मी मक्याचं पीठ ओतायला परवानगी दिली. परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “पावणं, गिरणीत पडलासा काय?” मी पांढऱ्या पोत्यावर हात ठेवून बसून राहिलो. त्या दिवशी मला कुणाचंच काही वाटत नव्हतं.

उंदरांना मात्र ते खाद्य बिलकूल आवडलं नाही. डॉक्टर म्हणाले, “तोंडं वाकडी करायलेत, पण खातील.” खाल्लं. ती रोज एकाला पेटीत ठेवून पोट बघायची. पोट विझत गेलं. पूर्ण अंधार झाल्यावरच तिनं पुढचं पाऊल टाकलं. दरम्यान मी प्राणीगृहाच्या दारापर्यंतच जात होतो. आत काही खायला नेणार नाही, असं डॉक्टरांना तोंडी वचन दिलं होतं.

टोचण्याच्या दिवशी तिनं औषध दिलेल्या एका उंदराला रंग न लावलेला तुकडाच आधी भरपूर टोचला आणि मग रंगाचा. हे कशासाठी, ते आमच्याकडच्या कुणालाही समजेल. एस.टी. फलाटावर लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. सगळ्या जागांवर बिनरंगाचे रुमाल पडले, की रंगाच्या तुकड्याला बसायला जागाच उरत नाही. मग उजेड दिसला, तर तो पेशींवरचा नव्हे.

या वेळी पडद्यावर पोट काळं होतं. मूत्रपिंडं आणि मूत्राशय तेवढी चमकत होती, तुकडा तिथून बाहेर पडतो म्हणून. आणि औषध दिलेल्या उंदरांच्या कुशीत, गाठीच्या जागी, एक मंद, खडबडीत कडांचा उजेड होता. पोटभर पेटलेल्या त्या पहिल्या चित्रापुढं अगदी बारीक. औषध न दिलेल्यांत जवळजवळ नाही. रुमालवाल्यात नाही. मी खुर्चीतून उठलो नाही. भडंगही मागवलं नाही.

“एक बघा सर,” ती म्हणाली. औषध दिलेल्यांपैकी एका उंदराच्या गाठीत काहीच नव्हतं. अंधार.

“टोचताना शिरेबाहेर गेलं असेल. हा वगळू.”

“मूत्राशय चमकतंय. म्हणजे आत गेलंय.” तिनं तो वगळला नाही. नंतर सगळ्या गाठींचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली नेले, तेव्हा त्या गाठीपासून सुरुवात केली.

बैठकीत तिनं पहिलंच चित्र दाखवलं ते पेटलेल्या पोटाचं. मी खुर्चीत खाली सरकलो. पुण्याच्या बाईंनी चष्मा वर केला. “हे काय आहे?”

“लसूणघास, मॅडम. खाद्यातला. हे आम्ही सुरुवातीला पेशी समजलो होतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“मी,” मी म्हणालो. “खरं तर त्यात असं झालं, की रस्ता बंद होता आणि—”

“तुम्ही थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “तिला बोलू द्या.”

ती बोलत गेली. पांढरं खाद्य, विझलेलं पोट, मंद उजेड, बिनरंगाचा तुकडा. बाई मध्ये मध्ये विचारत होत्या, ती उत्तर देत होती, आणि माहीत नसेल तिथं माहीत नाही म्हणत होती. मग तो अंधारा उंदीर आला. बाई पुढं झुकल्या.

“याला औषध दिलंय, तुकडा दिलाय, आणि दिसत काहीच नाही. मग इथं तुमचा तुकडा फसला की नाही?”

 तोंड उघडायची इच्छा मी कशी दाबली ते माझं मलाच माहीत.

“मलाही तीच भीती होती,” ती म्हणाली आणि तिनं त्या गाठीच्या कापाचं चित्र लावलं. “ही गाठ कापून बघितली मॅडम. हिच्यात मारेकरी पेशी शिरलेल्याच नव्हत्या. औषधाचा हिला गुण आला नव्हता. कापायच्या आधी, उंदीर जिवंत असताना, तुकड्यानं तेच सांगितलं होतं. जिथं नव्हत्या तिथं त्यानं दाखवल्या नाहीत.”

बाईंनी ते चित्र जवळ जाऊन बघितलं. मग पहिलं, पेटलेलं पोट परत लावायला सांगितलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली. “माणसात हा रंग चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “एवढ्या मांसातून उजेड बाहेर येत नाही.”

“नाही येत. तिथं रंगाच्या जागी किरणोत्सारी अणू लावावा लागेल आणि मोठ्या रुग्णालयातला स्कॅनर लागेल. ते इथं होणार नाही. पण तुकडा हाच राहील.”

“उंदीर आणखी हवेत. एवढ्यावर प्रबंध होणार नाही.”

“हो मॅडम.”

“विषय हाच ठेवा,” बाई म्हणाल्या आणि कागद पुढं सरकवला. जाता जाता माझ्याकडं वळल्या. “आणि सर, तुम्ही खाद्याच्या फंदात पडू नका.”

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली. चंदगडला फोन लावला. पलीकडून वडील काहीतरी मोठ्यानं विचारत होते, कारण तिकडं पाऊस असावा. “व्हय बाबा,” ती म्हणाली, “त्योच ऱ्हायला. बदलला न्हाय.” मग थोडं ऐकून, “न्हाय, संपलं न्हाय अजून. लई हाय.”

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “चला, आता तरी भडंग.”

“चालेल,” ती म्हणाली. “पण सर, त्या एकाच उंदरात पेशी का शिरल्या नाहीत? औषध तेच, गाठ तीच, पिंजराही तोच. पुढच्या खेपेला मी प्रत्येक उंदराला रोज बघणार आहे, पहिल्या दिवसापासून.” आणि ती डॉक्टरांकडं उंदीर मागायला जिन्यानं खाली उतरायला लागली.